अल्बममधलं पांढरं पान

फोटोग्राफरचं नाव पोपट असू नये, हे मला धंद्यात पडल्यावर कळलं. फोटो बिघडला की गिऱ्हाईकाला वेगळं काही बोलावंच लागत नाही. ते नुसतं माझ्या दुकानाच्या पाटीकडे बघतं आणि हसतं.

श्रीरामपुरात स्टेशनकडून बाजाराकडे येताना माझा स्टुडिओ आहे. वडील म्हणायचे, उसाला पाणी दे, निदान काही उगवेल तरी. मी कॅमेरा घेतला. पहिली काही वर्षं माझ्या फोटोंत लोकांची डोकी उगवायचीच नाहीत, गळ्यापर्यंत नवरदेव आणि वर मांडवाचं कापड. तरी माणसं पुन्हा येत राहिली, कारण त्या काळी स्टेशनाच्या या बाजूला दुसरा फोटोवाला नव्हता. मुलं माझ्या यशाचं रहस्य विचारतात तेव्हा मी मेहनत, जिद्द वगैरे सांगतो. हिचं, म्हणजे मंदाचं, काउंटरवरून लगेच येतं, "दुसरा कुणी नव्हता, ते सांगा."

मंदाला तो अधिकार आहे. लोकांची हजारो लग्नं टिपणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या लग्नाचा एकही फोटो नाही. मी कॅमेरा एका मित्राच्या हातात दिला होता. त्याने हळदीपासून वरातीपर्यंत असा काही घाम गाळला की सासरे खूष झाले. रोल घालायचा राहिला होता. लग्नाआधी हौसेने आणलेला कोरा अल्बम आमच्या कपाटात अजून आहे. पुठ्ठ्यावर दोन हंस, आत सगळं रिकामं.

हा अल्बम पाहून फक्त एका माणसाला आनंद झाला. पौलस मास्तरांना.

"पोपट," ते म्हणाले, "अख्ख्या तालुक्यात हा एवढाच शुद्ध अल्बम आहे. सांभाळून ठेव."

मास्तर आमच्या मागच्या गल्लीत राहायचे. तरुणपणी फादर व्हायला म्हणून घर सोडून गेले, कितीतरी वर्षं लॅटिन शिकले, मग मन बदललं, परत आले, लग्न केलं आणि शाळेत मराठी शिकवू लागले. लॅटिन डोक्यात तसंच राहिलं. आता श्रीरामपुरात लॅटिनला गिऱ्हाईक कोण? कांद्याला आहे, कपाशीला आहे. निवृत्त झाल्यावर ते रोज संध्याकाळी माझ्या दुकानात येऊन कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसायचे आणि चहाच्या बदल्यात मला लॅटिन द्यायचे. मी चहा देतच होतो, त्यामुळे लॅटिन नाकारता येत नव्हतं.

पहिला धडा माझ्या पाटीवरूनच झाला. 'येथे सर्व प्रकारचे अल्बम्स मिळतील', असं मी रंगवून घेतलं होतं.

"अल्बम म्हणजे काय रे?" मास्तरांनी विचारलं.

"फोटो लावायची वही."

"अल्बम म्हणजे पांढरं. नुसतं पांढरं. विशेषण आहे ते. अल्बुस, अल्बा, अल्बुम. पांढरा, पांढरी, पांढरं. इंग्रजी शाळेतल्या पोरांना हे समजवायला वर्ष जातं, कारण त्यांच्या भाषेत घोडा पांढरा, गाय पांढरी आणि वासरू पांढरं या तिघांना एकच शब्द. तू मराठी, तुला एका चहात समजलं. खरं की नाही?"

मी हो म्हटलं. खरं तर अर्धा चहा झाला होता.

मग त्यांनी सांगितलं, की रोममध्ये चौकात एक चुन्याने पांढरा केलेला फळा असायचा. सरकारी हुकूम, नावांच्या याद्या, सगळं त्यावर लिहायचे. फळ्याचं नाव पडलं 'पांढरं'. आपण नाही का 'पिवळं' म्हणालो की सोनं समजतो, तसं. पुढे कितीतरी शतकांनी तिकडचे विद्यार्थी गावोगाव फिरताना कोऱ्या पानांची वही जवळ बाळगू लागले. भेटेल त्या मित्राची त्यात सही घ्यायची, एखादी ओळ लिहून घ्यायची. त्या वहीलाही तेच नाव. फोटो आले ते फार नंतर. आले आणि त्या कोऱ्या पानांवर चढून बसले.

"आणि तुझं हे अल्बम्स," ते म्हणाले, "तेही चूक. एक अल्बुम, अनेक अल्बा."

मी मनात 'येथे सर्व प्रकारचे अल्बा मिळतील' अशी पाटी रंगवून पाहिली. गिऱ्हाईकांनी मला चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, करायला बोलावलं असतं. कारण अल्बा आणखी एका गोष्टीला म्हणतात. फादर मिस्सेला उभे राहतात तेव्हा अंगात घालतात तो पायघोळ पांढरा झगा. पांढऱ्या वस्त्रातलं 'वस्त्र' गळून गेलं आणि 'पांढरी' तेवढी राहिली.

विभक्त्याही शिकवायचा प्रयत्न झाला. अल्बुस, अल्बी, अल्बो. मराठीत पांढऱ्याचं एकदा 'पांढऱ्या' केलं की सुटलो: पांढऱ्या घोड्याला, पांढऱ्या घोड्याने, पांढऱ्या घोड्यावरून. रोमनांचं तसं नाही. घोड्याने कूस बदलली की पांढऱ्यानेही बदलायची. "म्हणूनच त्यांचं साम्राज्य बुडालं असेल," मी म्हणालो. मास्तर त्या दिवशी चहा अर्धा टाकून गेले. दुसऱ्या दिवशी आले, कारण त्यांनाही दुसरा फोटोवाला नव्हता.

एक गोष्ट मात्र मला चटकन पटली. रोमनांकडे पांढऱ्याला दोन शब्द होते. अल्बुस म्हणजे साधं, मंद पांढरं, चुन्याच्या भिंतीसारखं. कांदिदुस म्हणजे चकाकणारं पांढरं. "म्हणजे मॅट आणि ग्लॉसी," मी म्हणालो. मास्तरांनी मला आयुष्यात पहिल्यांदा शाबास म्हटलं. मग म्हणाले, रोममध्ये निवडणुकीला उभे राहणारे अंगरख्याला खडू चोळून तो चकाकता पांढरा करायचे, त्यावरून कँडिडेट. तेव्हापासून साखर कारखान्याच्या निवडणुकीत कडक इस्त्रीचे उमेदवार पासपोर्ट फोटोला आले, की मला ते चोळलेल्या खडूचा वास घेऊनच आल्यासारखे वाटतात.

पांढऱ्याशी माझं खरं भांडण वेगळंच होतं. मास्तरांची नात रूथ त्यांच्याकडेच वाढली. तिचे आईबाप नागापूरच्या एमआयडीसीत कारखान्यात पाळ्या करायचे, म्हणून पोरगी आजी-आजोबांकडे. आजी लवकर गेली. मग वेणी घालण्यापासून पाढे म्हणून घेण्यापर्यंत सगळं मास्तरच. तिच्या पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या, म्हणजे चर्चमध्ये पहिल्यांदा पवित्र भाकर घेण्याच्या दिवशी, पांढरा फ्रॉक, पांढरी जाळी, हातात मेणबत्ती असा तिचा फोटो मी चर्चच्या पांढऱ्या भिंतीसमोर काढला. धुऊन आला तेव्हा मास्तरांनी तो उजेडाला धरला.

"पोपट, ही पोरगी राखेत लोळली होती का?"

फ्रॉक राखाडी, भिंत राखाडी, पोरगीही राखाडी. बाहेरच्यांना हे सांगायला हवं. कॅमेऱ्याला अक्कल नसते. समोर पांढरंच पांढरं दिसलं की तो समजतो उजेड फार झाला, आणि घाबरून खिडकी बंद करतो. मग पांढऱ्याचं राखाडी होतं. अशा वेळी कॅमेरा नको म्हणत असताना जास्त उजेड आत घ्यायचा असतो. पण फार घेतला तर पांढरं जळतं, मग साडीची घडी नाही, काठ नाही, नुसतं भगदाड. लाल शालू, हिरवा चुडा, पिवळी हळद हे सोपं असतं, कुणीही काढावं. पांढऱ्याला हात लावायचा तर माप कळावं लागतं. मला ते कळायला बरीच लग्नं लागली.

तो राखाडी फोटो मास्तरांनी तरीही फ्रेम करून भिंतीला लावला.

आता आमच्या धंद्यातली आणखी एक करामत सांगतो. तिला आम्ही 'टाकणे' म्हणतो. लग्नाला जो आला नाही, त्याला नंतर फोटोत टाकायचं. कॉम्प्युटर आल्यापासून हे फार वाढलं. वारलेले वडील जोडप्यामागे उभे करायचे. लष्करातला भाऊ बर्फातून उचलून हळदीत आणायचा. एका बागायतदाराने बैल टाकून घेतला. "घरचाच हाय, बोलवायचा राहिला," म्हणाला. आणि एका मामांची तर मी गाथा लिहू शकेन. ते रुसून ग्रुप फोटोआधीच निघून गेले. पुढे गोडी झाली, म्हणून मला टाकायला लावले. अल्बम छापायच्या आत पुन्हा बिनसलं, म्हणून काढायला लावले. शेवटी बारशाला समेट झाला. त्या अल्बममध्ये मामांचा एक हात अजून नवरीच्या खांद्यामागे आहे, बाकीचे मामा नाहीत.

त्यावरून मी एक नियम केला. कुणाला टाकायचं असेल, तर ग्रुप काढतानाच त्याची जागा सोडायची. तिथे एक रिकामी खुर्ची ठेवायची, म्हणजे उंची, सावली, बाजूच्यांचे कोपर, सगळं जागच्या जागी बसतं. नंतर खुर्चीवर माणूस आणून ठेवला की झालं.

रूथ शिकून नर्स झाली, नगरला नोकरीला लागली. आता पाटीवर अहिल्यानगर आहे, पण एस.टी.चा कंडक्टर अजून "नगर, नगर" ओरडतो आणि माझ्याही तोंडात तेच बसलंय. तिथे तिला सिद्धार्थ भेटला. कोपरगावचा, बौद्ध घरातला, नगरजवळच्याच नागापूरला एका वर्कशॉपमध्ये सुपरवायझर. मुलगा शांत. बोलण्याआधी ऐकून घेणारा. रूथच्या आईबापांना पसंत होता. लग्न बौद्ध पद्धतीने, कोपरगावात करायचं ठरलं.

मास्तर म्हणाले, "मी येणार नाही."

त्यांनी आरडाओरडा केला नाही. शाप नाही, भांडण नाही. ते केलं असतं तर बरं झालं असतं, भांडण मिटवता येतं. ते नेहमीसारखे दुकानात आले, बसले, आणि चहा फुंकत म्हणाले, "मुलगा चांगला आहे. माझा आशीर्वाद आहे. पण तिचा हात धरून तिला चर्चमध्ये वेदीपर्यंत न्यायचं, एवढं एकच मी आजवर मनात धरून होतो. ते होणार नसेल तर मी तिकडे बसून काय करू? माझा चेहरा पोरीला बघवणार नाही."

"मास्तर, तुम्ही आला नाहीत तर तिला काय बघवेल?" मंदा म्हणाली.

मास्तर उरलेला चहा तसाच ठेवून उठले.

लग्नाच्या दिवशी मी कॅमेऱ्यात डोळा घातला आणि थबकलो. रूथ पांढऱ्या साडीत, सिद्धार्थ पांढऱ्या सदऱ्यात, हॉलची भिंत चुन्याची. बौद्धांच्या लग्नात नवरा-नवरी पांढऱ्यातच असतात, हे मला माहीत होतं, अशी किती लग्नं काढली होती. पण त्या दिवशी मला ती चर्चच्या भिंतीसमोरची, मेणबत्ती धरलेली पोर दिसली. वेदीपर्यंत चालत निघाली असती तर वेगळी कशी दिसली असती? त्रिशरण, पंचशील झालं, मंगलगाथा झाल्या, वरून फुलं पडली. ती मान वळवून दाराकडे बघत होती. माझ्या निम्म्या फोटोंत नवरीची मान दाराकडे आहे.

ग्रुप फोटोच्या वेळी ती माझ्याजवळ आली.

"पोपटकाका, आजोबांना टाकता येईल ना? तुम्ही तर बैलसुद्धा टाकता."

मी तिच्या शेजारी एक खुर्ची ठेवली. हॉलमधली साधी, प्लॅस्टिकची. लगेच सिद्धार्थचे एक लांबचे काका घाम पुसत आले आणि त्या खुर्चीवर बसू लागले. खुर्चीच्या पलीकडे सिद्धार्थच्या आजी उभ्या होत्या, गयाबाई. उभा जन्म उसाच्या फडात गेलेला, अंगावर पांढरं लुगडं, आवाज फडाच्या या टोकावरून त्या टोकाला ऐकू जाणारा.

"ए बाबा, ऊठ! ती कुनाची तरी हाय."

"कुणी बसलेलं तर नाही, आत्या."

"बसल तवा बसल. तू ऊठ."

आणि पुन्हा कुणी बसू नये म्हणून त्यांनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला, चार बोटं पुढे, अंगठा मागे. तसाच फोटो निघाला. मधे रिकामी खुर्ची, एका बाजूला रूथ, दुसऱ्या बाजूला राखण करणाऱ्या गयाबाई.

दुसऱ्याच दिवशी मास्तर नेहमीच्या वेळी दुकानात आले. मी तोच फोटो उघडून बसलो होतो. मास्तरांचे फोटो माझ्याकडे ढिगाने होते. कधी लाईट तपासायचा असला की मी कोपऱ्यात बसलेल्या मास्तरांवरच तपासायचो. त्यातला एक उचलायचा, खुर्चीवर ठेवायचा, संपलं. पोरगी खूष. मी स्क्रीन झाकायच्या आत त्यांनी पाहिलं.

त्यांनी स्क्रीनवरच्या रिकाम्या खुर्चीवर बोट ठेवलं.

"रूथने सांगितलं?"

"हो."

"मला त्यात चिकटवू नकोस, पोपट. गेलेल्या माणसाला चिकटवतात. मी इथे मागच्या गल्लीत असतो."

"मग काय करू?"

"आहे तसं राहू दे."

मी राहू दिलं. तिकडे रूथचे फोन सुरूच होते, मला नाही, मंदाला. "काकू, आजोबा आले होते का दुकानात? काय खाल्लं? खोकला आहे का?" आणि इकडे मास्तर मंदाला विचारायचे, "फोन आला होता का कुणाचा?" दोघंही एकमेकांना फोन करत नव्हती. तिला वाटे त्यांना त्रास होईल, त्यांना वाटे आता कोणत्या तोंडाने करू. मंदा मधली एक्सचेंज झाली होती. "एवढं तर मी माझ्या माहेरचंही पोचवलं नाही," म्हणायची.

फोटो अल्बमसाठी नगरला गोरखकडे गेले. गोरख हा आमचा डिझायनर, पंचक्रोशीतले सगळे लग्नाचे अल्बम त्याच्या हातून जातात. माणूस कष्टाळू, पण त्याला मोकळी जागा सहन होत नाही. कुठे बोटभर जागा रिकामी दिसली की तो गुलाब टाकतो. पानभर दिसली तर धबधबा. नेवाशाच्या किती नवऱ्या त्याने स्वित्झर्लंडला उभ्या केल्यात, त्यांच्या सासरच्यांनाही आठवत नसेल. शिवाय साफसफाईची आवड. मांडवाची वायर, उलटे पडलेले ग्लास, जांभई देणारे पाहुणे, सगळं झाडून काढतो.

त्याच्याकडून अल्बमचा नमुना कॉम्प्युटरवर आला तेव्हा मास्तर दुकानात होतेच. मी पानं उलटत गेलो. हळूहळू त्यांची खुर्ची कोपऱ्यातून माझ्या टेबलापर्यंत सरकली. ते नातीला बघत होते. मग ग्रुप फोटोचं पान आलं. भरगच्च, दोन्ही कडांना गुलाब. मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. पुढे वाकले.

"माझी खुर्ची कुठंय?"

मी बघितलं. खुर्ची नव्हती. गोरखने ती साफ केली होती, गयाबाईंना उचलून रूथला चिकटवून उभं केलं होतं, आणि कुणाला कळणारही नाही इतकं बेमालूम सगळं मिटवून टाकलं होतं. मी फोन लावला.

"पोपटशेठ, रिकामी खुर्ची हुती हो," गोरख म्हणाला. "म्हटलं मांडववाल्याची ऱ्हायली असंल. आता बघा कसा ग्रुप भरल्यागत वाटतोय. कुनी कमी हाय असं वाटतंय का?"

फोनचा आवाज मोठा होता. मास्तरांनी ऐकलं.

"नाही वाटत," ते हळूच म्हणाले. "खरंच नाही वाटत."

मंदा काउंटरवर फोटोंची पाकिटं लावत होती. तिने मान वर केली नाही.

"मास्तर," ती म्हणाली, "तुमची होती व्हय ती खुर्ची?"

मी आयुष्यात मंदाला अनेकदा डोळ्यांनी गप्प बस म्हणून खुणावलंय. त्या वेळीही खुणावलं. तिने नेहमीसारखं पाहिलं नाही.

मास्तर उठले. मला वाटलं, आता हा माणूस आपल्या दुकानाची पायरी पुन्हा चढत नाही. दारापर्यंत गेले, वळले.

"मंदा, रविवारी ती दोघं कोपरगावला येतात म्हणालीस ना?"

"येतात."

"पोपटला सकाळी लवकर उठव. कॅमेरा घे म्हणावं."

मी समोरच उभा होतो, पण निरोप मंदामार्फत. सवय लागली होती.

रविवारी आम्ही एस.टी.ने कोपरगावला गेलो. मास्तरांनी पांढरा सदरा, पांढरी विजार घातली होती, मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक फ्रेम. वाटभर दोन्हीकडे ऊस. मास्तर फ्रेमवरचं वर्तमानपत्र पुन्हा पुन्हा नीट करत होते. कोपरगावच्या स्टँडवर उतरल्यावर म्हणाले, "पोपट, दार उघडल्यावर काय बोलतात रे?"

"नमस्कार म्हणतात, मास्तर."

"हो, हो. नमस्कार."

दार रूथने उघडलं. तिच्या हाताला कणीक होती. मास्तर नमस्कार विसरले.

"लग्नाला आलो नाही मी," ते म्हणाले. "जेवायला आलोय."

ती कणकेच्या हातांनीच त्यांच्या गळ्यात पडली. सिद्धार्थ मागे आला, वाकून पाया पडला. मास्तरांनी त्याला उठवलं आणि पुढे काय करावं न सुचून त्याच्या हातात ती फ्रेम दिली. ख्रिस्तप्रसादाचा फोटो. "पोपटने बिघडवलाय," मास्तर म्हणाले, "पण ती आहे अशीच." एवढ्या भावुक प्रसंगीही माझा उद्धार टळला नाही, याची नोंद व्हावी.

तेवढ्यात आतून खुर्ची ओढत आणल्याचा आवाज आला. गयाबाई खुर्ची पाठीला धरून फरपटत अंगणात घेऊन आल्या. मास्तरांपुढे ठेवली.

"ही घ्या तुमची. लई दिस आडवून धरली. आता बसा तुमी, माजा हात दुखाया लागला."

मास्तर बसले.

रूथ आत जाऊन लग्नाचीच पांढरी साडी नेसून आली, सिद्धार्थने सदरा बदलला. घराची भिंत चुना मारलेली. चार माणसं पांढऱ्यात, मागे पांढरं, वर बाराचं ऊन. कॅमेरा म्हणाला, उजेड फार आहे, खिडकी मीट. मी त्याला मनात म्हटलं, गप रे, तुला काय कळतंय. आणि मी ती उघडली, जेवढी उघडायला शिकलो होतो तेवढी. गयाबाईंना सांगितलं, आता हात काढला तरी चालेल, बसलेत ते. त्यांनी काढला नाही. "असू द्या. पुन्हा उठले बिठले तर?" मास्तर हसले, आणि तेवढ्यात मी बटण दाबलं.

फोटो राखाडी आला नाही. जळलाही नाही. साडीची घडी न् घडी दिसते.

अल्बमसाठी गोरखला मी दोन गोष्टी सांगितल्या. खुर्ची परत आण, रिकामी. आणि शेवटचं पान कोरं ठेव.

"कोरं म्हंजे? गुलाब?"

"काही नाही. पांढरं."

"पोपटशेठ, लोक म्हनतील छापायचं ऱ्हायलं. लग्नाचा अल्बम, आन् पांढरं पान? बरं दिसतं का?"

"तू ठेव."

त्या पानावर मी हा फोटो डिंकाने, हाताने चिकटवला. खाली भरपूर जागा होती. अल्बम द्यायला गेलो तेव्हा मास्तरही होते. त्यांनी खिशातून पेन काढलं. "मूळ हेच आहे," ते म्हणाले, "कोऱ्या पानावर माणसांच्या सह्या." सगळ्यांनी केल्या. गयाबाई म्हणाल्या, "शाळा न्हाई, पन सही येती मला," आणि त्यांनी जिभेचं टोक बाहेर काढून एवढ्या मोठ्या अक्षरांत नाव लिहिलं की अर्धं पान संपलं. मास्तरांनी उरलेल्या कोपऱ्यात, लॅटिन नाही, मराठीत लिहिलं: आजोबा.

तेव्हापासून मी प्रत्येक अल्बममध्ये शेवटचं एक पान पांढरं सोडतो. गिऱ्हाईकं तक्रार करतात. "पोपटशेठ, हे छापायचं राहिलं की."

"राहू द्या," मी म्हणतो. "लागेल."

गेल्या पावसाळ्यात मास्तर गेले. कोपऱ्यातली खुर्ची आहे तिथेच आहे. संध्याकाळी मंदा चुकून एक चहा जास्त टाकते आणि तो मी पितो. प्रार्थनेच्या वेळी ठेवायला मोठा फोटो हवा, म्हणून रूथचा फोन आला. माझ्याकडे त्यांचे ढिगाने फोटो, पण सगळ्यांत ते मला चूक सांगत असल्यासारखे दिसतात. हसणारा एकच होता. कोपरगावच्या अंगणातला. तोच एकट्या मास्तरांपुरता कापून मी गोरखकडे पाठवला. थोड्या वेळाने त्याचा फोन आला.

"पोपटशेठ, मास्तरांच्या खांद्यामागं खुर्चीवर कुनाची तरी चार बोटं दिसत्यात. साफ करू का?"

गोरखने विचारलं, हीच केवढी प्रगती.

"नको," मी म्हणालो. "खुर्ची धरलीय त्यांनी."